वीस सेकंदांचा विराम

मंगळवारी सकाळी शैलजाबाईंनी दात घासायचा ब्रश चालू करून कानाजवळ धरला, लग्नघरात तबला जुळतोय का ते ऐकावे तसा, आणि निर्णय दिला, "ह्याचं हेड बदलायला झालं."

"तीन महिने झाले की तो स्वतः सांगतो, आई," प्रणोती चहाचा कप विसळत म्हणाली.

"तो सांगेपर्यंत कशाला थांबायचं? केस बघ की, बाहेर फाकलेत. अण्णा जोरात चावतात ना त्याला. राग माझ्यावर, चावा त्याला."

खिडकीजवळच्या खुर्चीत गळ्याला टॉवेल बांधून बसलेले प्रणोतीचे वडील, अण्णा, म्हणाले, "बरं."

तीन वर्षांपूर्वीच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू नेली होती आणि सगळे शब्दही नेले होते, फक्त हा एक ठेवला होता. त्या एका शब्दाचे दहा-बारा अर्थ होते, आणि ते शैलजाबाईंना कळत. "म्हणतायत, तूच चावरी आहेस," त्यांनी भाषांतर केले. अण्णांची डावी मिशी हलली.

शैलजाबाईंनी वाटाण्याएवढी पेस्ट घेतली. अण्णांना पाठीमागे रेलू न देता थोडे पुढे वाकवले, म्हणजे फेस घशाकडे जाणार नाही. मग हाक मारली, "प्रणोती, ये. आज तू कर. मी नुसती बघते."

"कॉलेजला उशीर होतोय गं."

"रोजच होतो. मी काय अमरपट्टा बांधून आलेय? एकदा हात बसला की काही नाही त्यात."

"उद्या नक्की," प्रणोती म्हणाली आणि स्कूटरची किल्ली शोधायला आतल्या खोलीत गेली. किल्ली तिच्या हातातच होती.

त्याच दुपारी जेवण झाल्यावर शैलजाबाई जरा पडल्या आणि उठल्या नाहीत. हृदय थांबले, डॉक्टर म्हणाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, सेवा करून घेतली नाही कुणाकडून.

त्यांनी आयुष्यभर दातांचेच काम केले होते. मिरजेतल्या एका दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्या एकतीस वर्षे कवळ्या बनवत होत्या. पुढच्या दारातून येणारा पेशंट त्यांना कधी दिसला नाही. त्यांच्यापर्यंत यायचा तो त्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा. तरी साचा हातात घेऊन त्या सांगत, "हा माणूस एकाच बाजूने चावतो. दुसरीकडे दुखत असणार, सांगत नसेल." आणि तसेच निघे. कवळी तयार झाली की डोळे मिटून तिच्यावरून करंगळी फिरवत. प्रणोती लहान असताना तिने विचारले होते, डोळे का मिटतेस? "बारीक उंचवटा डोळ्याला दिसत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "बोटाला दिसतो."

ब्रश घेतानाही तसेच झाले होते. बाजारात तेव्हा नवीन प्रकार आला होता. जाहिरातीत त्याला 'अनुकरणी ब्रश' म्हणत, सांगलीत सगळे 'हातशिक्या' म्हणत. विजेवर चालणारा ब्रश जुनाच होता: दोन मिनिटांचे घड्याळ, दर तीस सेकंदांनी जबड्याचा पाव भाग संपल्याची गुरगुर, जास्त दाब पडला की लाल होणारे कडे. हातशिक्या त्यापुढे गेला होता. धरणाऱ्याचा हात कुठल्या कोनात वळतो, कुठे रेंगाळतो, कुठे हलका होतो, हे तो रोज टिपून घेई. आणि सांगितले तर तोच हात दुसऱ्याला देई. त्याच्या मुठीत दोन बारीक चाके होती. ती फिरली की मुठीला कल मिळे, सायकल शिकवणाऱ्याने मागून सीटला हात लावावा तेवढाच. ज्यांना स्वतः दात घासता येत नाहीत अशा माणसांच्या घरांसाठी तो काढलेला होता.

प्रणोतीने चौदा लेख वाचून तक्ता केला होता. दुकानात शैलजाबाईंनी तो तक्ता पर्समध्ये ठेवला आणि एकेक ब्रश अंगठ्याच्या नखावर चालवून पाहिला. "हा ओरडतो, अण्णा दचकतील. ह्याचं हेड केवढं, मागच्या दाढेपर्यंत जाणार कसं? ह्याचे केस कडक." पाचव्याला त्यांनी डोळे मिटले. "हा. ह्याला थांबता येतं."

"काकू, तुम्ही डेंटिस्ट का?" दुकानदाराने विचारले.

"छे हो. कवळीवाली."

प्रणोती तेव्हा शेल्फवरच्या खोक्यांची नावे वाचत होती.

"तुझ्या मनगटाला आराम मिळेल," असे सांगून तिने तो ब्रश घेतला होता. त्यामागचे दुसरे कारण तिने सांगितले नव्हते. यंत्र आले की तिच्यावर कधी ती वेळ येणार नाही, असा तिचा हिशेब होता. यंत्राला धरायला हात लागतो, हे चौदाही लेखांत लिहिलेले होते.

शैलजाबाई गेल्या आणि अण्णांनी तोंड मिटले.

सांभाळायला ठेवलेल्या जयाक्काने पहिल्या दिवशी गोंजारून पाहिले, दुसऱ्या दिवशी रागावून. "ताई, ह्यांनी कुलूप लावलंय बघा. घास घेतात, पण ब्रश दिसला की दात आवळतात. उघडू म्हटलं तर हिरडी फाटायची." पाचव्या दिवशी अण्णांना कणकण आली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि प्रणोतीला बाहेर घेऊन सांगितले, "ह्यांचं गिळणं कच्चं आहे. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. न्यूमोनिया झाला तर ह्या वयात अवघड आहे. अर्धं औषध म्हणजे स्वच्छ तोंड. काहीही करा, पण ते उघडा."

त्या संध्याकाळी तिने ब्रशची नोंद फोनवर उघडली. 'हात: शैलजा. सकाळी: ४११.' खाली दोन पर्याय होते. 'राख' म्हणजे आहे तो हात तसाच जपून ठेवायचा. 'शीक' म्हणजे नव्या हाताकडून शिकायचे. त्यात जुना हात साधारण चाळीस दिवसांत पुसला जाई. एका तोंडाला एकच हात, असा नियम होता. दोन हातांच्या गोंधळात हिरडी सोलून निघू नये म्हणून.

तिने 'राख' दाबले. यात विचार करण्यासारखे काही नव्हते.

नोंदीत एक चमत्कारिक गोष्ट होती. रोज सकाळी ब्रश उचलला जाई, मग लगेच ट्रेमध्ये ठेवला जाई, आणि पुन्हा उचलला जाई. ४११ वेळा. समोर लिहिलेले होते: 'विराम, वीस सेकंद. कारण नोंदवता आले नाही.' टॉवेल भिजवत असेल, असे म्हणून प्रणोतीने ते सोडून दिले.

दुसऱ्या सकाळी तिने पहिल्यांदा तो ब्रश हातात धरला. अण्णांनी दात आवळले. तिला वाटले, आता तो दातांकडे ओढेल. पण मूठ खाली कलली, तिचे मनगट अलगद वळले, आणि ब्रश ओठांच्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन नुसता गुणगुणत थांबला. आग्रह नाही, घाई नाही. दार वाजवून बाहेर उभ्या राहिलेल्या माणसासारखा. तीन सेकंद गेले, सात गेले. ह्याला थांबता येतं.

अण्णांनी तोंड उघडले.

मग जे झाले ते तिला हातातूनच कळत गेले आणि ती थक्क झाली. केस हिरडीच्या कडेला तिरके टेकले. घासणे नव्हतेच, एका दातापाशी ब्रश टेके, राही, पुढच्या दातावर जाई. वरच्या सुळ्याचे मूळ उघडे पडले होते, तिथून तो चटका बसलेला पाय उचलावा तसा उठून पलीकडे गेला. मागच्या दाढेच्या आडून वळला. दर पाव भागाला श्वास घ्यायला उसंत दिली. इतकी माया एका मुठीत मावेल असे तिला वाटले नव्हते, आणि यंत्र करणाऱ्यांनाही बहुधा वाटले नसेल. त्यांनी फक्त जागा ठेवली होती. ती भरली होती आईने, रोज सकाळी दोन मिनिटे.

अण्णांचे डोळे मिटलेले होते. ते कुणाला तोंड उघडून देत होते? ती घड्याळाकडे पाहत होती. तोंडाकडे अजूनही पाहवत नव्हते. फेस जयाक्काने पुसला.

कणकण उतरली. नऊ दिवस नीट गेले.

दहाव्या दिवशी अण्णा कण्हले. ब्रशवर रक्त होते. लाल कडे लागले नव्हते, म्हणजे दाब बेतातच होता. ब्रश नेहमीच्याच ठिकाणी, नेहमीइतकाच टेकला होता. चुकले काहीच नव्हते.

"यंत्राला काय बोलायचं, ताई," जयाक्का म्हणाली. "ते पाठ केलेलं म्हणतंय. तोंड रोज नवीन असतंय."

प्रणोतीने ब्रश पुन्हा ओठांच्या कोपऱ्याशी नेला. अण्णांनी डोळे उघडले. डाव्या हाताने तिच्या मुठीतून ब्रश सोडवून घेतला आणि ट्रेमध्ये ठेवला. मग तिचा हात धरला, बाकीची बोटे बाजूला करून करंगळी तेवढी निवडली आणि आपल्या ओठाला लावली.

ट्रेमधला ब्रश गुणगुणायचा थांबला. फोनवर अक्षरे उमटली: 'विराम.'

तिला कळले. एक सेकंद, दोन सेकंद. मुठीत धरलेला असतानाच ब्रश शिकत होता. त्याआधीच्या वीस सेकंदांत आईची करंगळी तोंडात काय शोधते, हे त्याने पाहिले नव्हते. आणि प्रणोतीने पाहिले नव्हते, कारण त्या वेळी ती आतल्या खोलीत असे.

ती उठली. करंगळीचे नख कापले, हात साबणाने दोनदा धुतले आणि परत येऊन बसली.

बोट आत गेले. गरम, ओले, बुळबुळीत. हेच ती लहानपणापासून टाळत आली होती. ती तशीच बसून राहिली. डोळे मिटले. मग हळूहळू बोटाला दिसू लागले. ही समोरच्या दातांची रांग, ही झिजलेली कड. डावीकडे खालच्या दाढेचा कपचा उडालेला होता. कोपरा धारदार, आणि बरोबर त्याच्यासमोर गालाला वाटाण्याएवढा हुळहुळा चट्टा. आईला हे पहिल्याच सकाळी सापडले असते.

"उद्या दाढ घासून गुळगुळीत करून घेऊ, अण्णा," ती म्हणाली.

"बरं."

तिने फोन घेतला आणि 'शीक' दाबले. अक्षरे आली: 'शैलजा यांचा हात चाळीस दिवसांत पुसला जाईल. पुढे जायचे?' तिचा अंगठा बराच वेळ काचेवर थांबला. राखून ठेवला तर तो त्या मंगळवारचाच राहणार होता, आणि अण्णांचे तोंड बुधवारी, गुरुवारी, रोज थोडे बदलणार होते. जयाक्का टॉवेल घेऊन उभी होती. तिच्या हातून प्रणोतीने टॉवेल घेतला आणि 'होय' दाबले.

ब्रश ओठांच्या कोपऱ्याशी थांबला. तोंड उघडले. आत डावीकडे मूठ नेहमीसारखी कलू लागली. चट्ट्यापाशी येताच प्रणोतीने मनगट उलटे वळवले. मुठीतल्या चाकांनी क्षणभर विरोध केला, मग ती सैल पडली आणि ब्रश तिच्या हाताने गेला. नवे शिकत होता तो? की आत आईचा जो हात होता त्यालाच हे हवे होते, एवढ्यासाठीच ती रोज 'तू कर' म्हणून हाक मारत होती?

यावेळी ती तोंडाकडे पाहत होती.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "त्या दिवशी किल्ली माझ्या हातातच होती. उशीर कधीच होत नव्हता मला. किळस यायची."

अण्णांनी तोंडातल्या फेसासकट हळूच म्हटले, "बरं." भाषांतराला कुणी नव्हते. तरी तिला वाटले, हे त्या दोघांना आधीपासूनच माहीत होते.

तिने त्यांची हनुवटी पुसली, ब्रश पुन्हा हिरडीला टेकवला आणि विचारले, "आता सांग गं, बसतोय का हात?"