धाकट्याचा मार

थोरल्यानं मालिका सोडली तर रबरला काय काय मिळणार होतं, याची यादी रबरला तोंडपाठ होती. शीर्षकात पहिलं नाव. आतून कडी लागणारी स्वतंत्र मेकअप खोली. जेवणाच्या सुट्टीत सगळे ज्याच्यासाठी थांबतात, त्या माणसाची खुर्ची. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मार बंद. नऊ वर्षं तो धाकट्या भावाची भूमिका करत होता, आणि या धाकट्याच्या वाट्याला लेखिकेनं मार खाण्यापलीकडे फारसं काही ठेवलं नव्हतं. प्रेक्षक कमी झाले की धाकट्याला कुणीतरी बदडायचं. थोरला बदडायचा, सासरा बदडायचा, गल्लीतले गुंड बदडायचे. एकदा तर घरात शिरलेल्या चोरानंही जाता जाता हात धुऊन घेतले होते.

मार अर्थातच खोटा. हात गालापासून वीतभर लांबून जातो, कॅमेरा अशा कोनात असतो की ती वीत दिसत नाही, आणि लागल्याचं दाखवायचं काम खाणाऱ्याचं. फाइट मास्टर सांगायचा, "मारणारा नुसता हात फिरवतो. मार विकतो तो खाणारा." आणि विकण्यात रबरचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची मान अशी झटकायची, गुडघे असे दुमडायचे की बघणारा नकळत स्वतःचा गाल चोळायचा. एवढं करून नऊ वर्षांत अंगावर साधा ओरखडा नाही. म्हणून मास्टरनं त्याचं नाव ठेवलं रबर, आणि घरचे सोडून सगळे त्याला त्याच नावानं हाका मारू लागले.

थोरल्याला सिनेमा मिळाला आणि तो गेला. वाहिनीला थोरला मारायचा नव्हता आणि रबरचा चेहराही घालवायचा नव्हता. लेखिकेनं दोन्ही प्रश्न एका काडीत सोडवले. घराला आग लावली. दोघे भाऊ भाजले, महिनाभर पट्ट्यांत राहिले, आणि पट्ट्या सुटल्या तेव्हा थोरल्याच्या पट्टीखालून रबरचा चेहरा निघाला, धाकट्याच्या पट्टीखालून एका नव्या नटाचा. प्रेक्षकांनी दोन दिवस शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी सवयीनं बघायला बसले.

हे पडद्यावर यायच्या कितीतरी आधी, करारावर सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये एक माणूस रबरच्या समोर येऊन बसला. नाक एका अंगाला वाकलेलं, पुढचे चार दात गेलेले, डावा कान मिटलेल्या मुठीसारखा. ओळख पटायला वेळ लागला. हा पहिला. मालिकेचे सुरुवातीचे ऐंशी भाग धाकटा यानंच केला होता. मग मोठं काम मिळतंय म्हणून सोडून गेला आणि पुन्हा कुठल्याही पडद्यावर दिसला नाही.

"सही झाली?" पहिल्यानं विचारलं.

"काल झाली."

"आता मागे फिरता येणार नाही ना?"

"अहो, झाली म्हणतोय ना. का बरं?"

पहिला उठून काउंटरकडे गेला. ताट वाढून आणलं, घास तोंडात घातला आणि कितीतरी वेळ, दोन्ही बाजूंनी, सावकाश चावत राहिला. मग खिशातून एक छोटी वही काढून रबरपुढे सरकवली.

वहीत तारखा होत्या आणि तारखांपुढे एकेक ओळ. उजवा गाल. पाठ, जिना. डावा कान, दोनदा. चार पानं उलटल्यावर रबरला आपलेच प्रसंग ओळखू यायला लागले.

"मालिका अगदी नेमानं बघता वाटतं."

"घरात टीव्ही नाही. फोडला."

रबर हसला, आणि हसता हसता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. भाग दाखवला जातो तो चित्रीकरणानंतर तीन आठवड्यांनी. वहीतल्या तारखा दाखवल्याच्या नव्हत्या. चित्रीकरणाच्या होत्या.

"तू काम फार चांगलं करायचास," पहिला उठता उठता म्हणाला. "फारच चांगलं. जरा हात राखून केलं असतंस तर माझा कान वाचला असता. आधी येऊन सांगायला हवं होतं म्हणशील. पण आधी सांगितलं असतं तर तू धाकटा सोडलाच नसतास."

रबरनं त्याला वेड्यात काढलं. पडलेल्या नटाला असं काहीतरी लागतंच, तारखा काय कुणाकडूनही मिळतात, असं स्वतःला सांगून तो नव्या खोलीत गेला आणि आतून कडी लावून बघितली. छान लागत होती.

थोरला म्हणून त्याचा पहिला प्रसंग अगदी साधा होता. दिवाणखाना, धाकट्यानं घराचे कागद लपवलेत, थोरला कानाखाली वाजवतो. नवा धाकटा सत्तावीस-अठ्ठावीसचा, खांद्यांनी रुंद, तोंडानं फटकळ, पण कामाला भुकेला. तालमीत रबरनं तीनदा हात फिरवला. काही नाही. मग कॅमेरा सुरू झाला. रबरचा हात नव्याच्या गालापासून वीतभर लांबून गेला, नव्यानं मान टाकली, बऱ्यापैकी टाकली, आणि रबरच्या स्वतःच्या गालावर सणसणीत थप्पड बसली.

आवाज कुणालाच आला नाही. आतून गाल दातावर फाटला आणि तोंडभर रक्ताची खारट चव पसरली. रबरनं ती गिळून पुढचं वाक्य म्हटलं, कारण काही झालं तरी तो नट होता.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "वहीताई, याच्या गालाला काय झालंय बघा."

वहीताई कंटिन्युइटी सांभाळायची. कुठल्या प्रसंगात कुणाच्या अंगावर कुठला शर्ट, कुठली जखम, कुणाला किती फटके, सगळं तिच्या वहीत. तिनं चष्मा वर करून बघितलं.

"चार बोटं आहेत," ती म्हणाली. "मघाशी नव्हती."

"दादा," नवा खिदळला, "वहिनींनी सकाळी सकाळी प्रसाद दिला वाटतं!"

सगळे हसले. रबरही हसला. हसताना दुखलं.

पुढच्या पंधरवड्यात रबरनं एकेक गोष्ट पारखून घेतली. तालमीत लागत नव्हतं. नव्याचा अभिनय फसला तरी लागत नव्हतं. नव्यानं मान आधीच फिरवली, किंवा उशिरा कळवळला, की रबरला नुसता वारा जाणवायचा. पण ज्या वेळी नवा मार बरोबर विकायचा, त्या वेळी माल थेट रबरच्या घरी पोचता व्हायचा. गुंडांच्या प्रसंगात तर रबर सेटवरही नव्हता. मेकअप खोलीत, कडी लावून, खुर्चीत डोळे मिटून बसला होता. बाहेर कुणीतरी नव्याच्या पोटात लाथ घातल्यासारखं केलं, आणि आत रबर खुर्चीसकट भिंतीवर आदळला. बरगडी मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. मग बेसिनमध्ये रक्त ओकला, नळ सोडला, बेसिन पुसून घेतलं.

घरी बायकोनं शर्ट वर करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "नऊ वर्षं मिरवलंत, आमच्या धंद्यात लागत नाही म्हणून. आता मोठे झालात तर हे काय?"

"पडलो."

"पडलात तर जमिनीवर पडा ना. लाथेवर कशाला पडलात? टाच उमटलीय."

त्याच आठवड्यात लेखिकेनं पुढची कथा वाचून दाखवली. प्रेक्षक पुन्हा कमी झाले होते. आता धाकटा कायमचा जाणार. गोदामात थोरला त्याला लोखंडी गजानं मारणार. घाव अकरा.

"अकरा जास्त होतात का हो?" तिनं विचारलं.

"छे," दिग्दर्शक म्हणाला, "अकरा बरोबर आहेत."

रबर मनात वाटा शोधत होता. पळून जाण्यात अर्थ नव्हता. त्यानं थोरला सोडला तर दुसरा कुणी थोरला होईल, तो गज उचलेल, आणि घाव तरीही पोचायचे तिथेच पोचतील. त्यानं दुकानदारासारखं मांडून बघितलं. पहिल्यानं धाकटा सोडला. रबर मार खायचा, लागायचं पहिल्याला. रबरनं सोडला, नवा मार खातो, लागतं रबरला. म्हणजे आता नव्यानं सोडला, त्याच्या जागी आणखी कुणी आलं, तर लागेल ते नव्याला. वाटेत फक्त एक माणूस उभा करायचा होता. गोदामाच्या चित्रीकरणाला सोळा दिवस होते.

नव्यानं काम आणखी सोपं केलं. तो आपण होऊन आला.

"दादा, मला शिकवा ना मार खायला. दिग्दर्शक म्हणतात, तुमच्यासारखं जमत नाही मला. घरी आईला सांगून बसलोय, आता दोन वर्षं कामाची चिंता नको म्हणून."

"त्यात काय, शिकवतो की," रबर म्हणाला.

आणि शिकवलं. "समोरच्याचा हात खांद्याच्या वर आला ना, की मनात एक म्हण आणि मान टाक. वाट बघत बसू नकोस." मार खाण्यातली सगळ्यात मोठी चूक हीच, मार पोचायच्या आधी खाणं. नऊ वर्षांत रबरनं ती एकदाही केली नव्हती. नव्यानं ती सवय मन लावून, आरशासमोर उभं राहून अंगात मुरवली. दिग्दर्शक ओरडायला लागला. एकेका थपडीला नऊ नऊ टेक होऊ लागले. नवा जितका घाबरायचा तितका अचूकपणे आधी कळवळायचा, आणि रबरच्या अंगावरचे वळ मावळत चालले.

"माझं नाव कुठे येऊ देऊ नका," रबर एका चहाला दिग्दर्शकाला म्हणाला, "पण गोदामाचा प्रसंग हा पोरगा पेलायचा नाही. अकरा घाव आहेत. अकराही फसतील."

नव्याला काढलं. या वेळी आग लावायची तसदीही कुणी घेतली नाही; पडद्याखाली एक पट्टी फिरली, यापुढे ही भूमिका अमुक करतील म्हणून. नवा सामान न्यायला आला तेव्हा रबरच्या दारात थांबला.

"तुम्ही एवढं शिकवलंत दादा. मीच कमी पडलो."

"होतं असं," रबर म्हणाला.

नव्याच्या जागी नाटकात मुरलेला एक कसलेला नट आणला होता. गोदामाचा प्रसंग सकाळी अकराला लागला. पत्र्याच्या झरोक्यातून ऊन यायचं होतं, म्हणून मुद्दाम तीच वेळ. गज फोमचा, वरून गंजाचा रंग दिलेला. मास्टरनं तो रबरच्या हातात दिला. "खुशाल मार. हा गडी विकतो."

कॅमेरा सुरू झाला. रबरनं गज उचलला, आणि त्याचा हात हवेतच थबकला. हिशेब चुकला असला तर आता आपलंच डोकं फुटणार. दात आवळून त्यानं पहिला घाव घातला.

काही झालं नाही.

समोरचा नट जमिनीवर तडफडत होता, इतका खरा की लाइटवाल्यानं मान वळवली. रबरच्या अंगाला वारासुद्धा लागला नव्हता. दुसरा घाव. तिसरा. आता तो मोकळा झाला होता, आणि महिनाभर साठलेली सगळी भीती त्या गजातून बाहेर पडत होती. अकरावा घाव घालून तो थांबला.

"ओके," दिग्दर्शक म्हणाला. "बाप रे. ओके."

रबर खुर्चीत येऊन बसला. शेजारी ठेवलेला फोन थरथरत होता. नव्याचा नंबर होता. त्यानं उचलला.

आधी नुसता श्वास ऐकू आला. पाण्यातून यावा तसा, बुडबुड्यांचा.

"दादा."

रबरनं फोन कानाला घट्ट धरला.

"दादा, आतून कडी आहे. मीच लावलीय. खोलीत कुणी नाही." पुन्हा बुडबुडे. "मग मला मारतंय कोण?"

"रबर!" दिग्दर्शक हाक मारत जवळ आला. "एक सेफ्टी घ्यायची का रे?" झालेला टेक पुढे खराब निघालाच तर हाताशी असावा, म्हणून तोच प्रसंग पुन्हा करायचा, त्याला ते सेफ्टी म्हणत. "तसा झालाय चांगला. पहिल्या घावाला तेवढा थबकलास. प्रेक्षकाला कळणार नाही म्हणा. तू ठरव, प्रसंग तुझा आहे."

फोन अजून कानाला होता.

"दादा, कुणाला तरी पाठवा ना."

रबरनं विचार केला. पहिल्याच मोठ्या प्रसंगात थबकलेला हात. आणि उद्या, परवा, कधीतरी, वाकड्या नाकानं कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसणारा, दोन्ही बाजूंनी चावणारा माणूस.

त्यानं फोन बंद केला.

"घेऊ," तो म्हणाला.

या वेळी हात थबकला नाही.

सेफ्टीचे अकरा घाव झाल्यावर कॅमेरा जवळ आणला. क्लोजअपसाठी आणखी चार घाव.

"किती ताकद लावतोस रे," जमिनीवरचा नट कपडे झटकत उठला. "मला लागलं असतं तर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोलीस सेटवर आला. साध्या कपड्यांत, हातात पाकीट. नव्याच्या फोनवरून शेवटचा फोन रबरला गेला होता, म्हणून चौकशीला. रबरनं खोलीत बसवलं, पाणी दिलं.

"काय म्हणाला फोनवर?"

"नीट ऐकू आलं नाही हो. आम्ही कामात होतो."

"किती ते किती वाजेपर्यंत?"

वहीताईला बोलावलं. तिनं वही उघडून वेळा सांगितल्या. अकरा वाजून चार मिनिटांपासून बारा वाजून दहापर्यंत. हे इथेच होते, चाळीस माणसांसमोर. पोलिसानं लिहून घेतलं.

"दार फोडून आत जावं लागलं," तो म्हणाला. "खिडकीला गज. आत दुसरं कुणी आल्याची खूण नाही. डॉक्टरही चक्रावलेत. डोकं, पाठ, बरगड्या मिळून सव्वीस घाव."

वहीताईचं बोट वहीच्या पानावर एका ओळीत थांबलं. ते वर आलं, पुन्हा खाली गेलं, आणि तिनं मान वर करून रबरकडे पाहिलं.

"काय झालं?" पोलिसानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि वही मिटली.

पोलीस गेला. रबरनं उठून दाराला आतून कडी लावली आणि खुर्चीत बसून वजाबाकी केली. अकरा लेखिकेचे. उरलेले पंधरा त्याचे स्वतःचे.