पाणगाडी कशी बुडाली?

"गाडी बुडाली. संध्याकाळपर्यंत अहवालावर सही पाहिजे," प्रकल्पप्रमुख कुलथे फोनवर म्हणाले.

संजना पगारे सैन्याच्या वतीने नव्या गाड्या तपासायची. इंदिरानगरातल्या घरातून ती तडक नाशिकजवळच्या त्या कारखान्यात पोहोचली. जमिनीवर धावणारी आणि पाण्यात तरंगणारी ही चिलखती गाडी सहा वर्षं रखडली होती. सकाळी धरणावरच्या चाचणीत ती बुडाली. चालक कसाबसा पोहून वाचला. सोमवारी तशीच दुसरी गाडी आठ जवानांना घेऊन पाण्यात उतरणार होती.

शेडमध्ये कुलथ्यांनी गाडीच्या तळाकडे बोट दाखवलं. वेल्डिंगच्या जोडाला वीतभर चीर होती.

"काम योगिनी अहिरेचं. दोषी सापडली, विषय संपला. सोमवारची चाचणी ठरल्याप्रमाणे होईल."

दोषी इतका झटपट सापडला की संजनाला नेहमीच शंका यायची.

योगिनी नामपूरची, अकरा वर्षांचा अनुभव असलेली वेल्डर. "जोड माझाच हाय. पण तो पाण्यात फुटलेला नाय. कामावरून काढा नायतर जेलात टाका, मी कबूल करणार नाय."

संजनाने गाडीभोवती एक चक्कर मारली. बाजूच्या चिलखती पत्र्यांच्या बोल्टांवरचा रंग बाकीच्या रंगापेक्षा ताजा होता. मग तिने क्रेन चालवणाऱ्या गेणूभाऊंना गाठलं.

"गाडी वर काढलीत तेव्हा काय दिसलं?"

"काय नाय. बाहेरचं पाणी निथळलं, मंग अर्धा तास नुसती लटकलेली."

"आणि आतलं पाणी?"

"गच्च भरलेलं व्हतं. साहेबच म्हणले, तळाचं बूच काढा. तवा कुठं रिकामी झाली."

"रिकाम्या गाडीचं वजन क्रेनवर किती दिसलं?"

"पंधरा टन."

कागदोपत्री ते तेरा होतं.

"इथे आणल्यावर शेडची किल्ली कुणाकडे होती?"

"साहेबांकडं. दुसऱ्या कुणाला देत नाय ते."

संजनाने तिघांनाही गाडीपाशी उभं केलं.

"कुलथेसाहेब, तळाला चीर असती तर टांगलेल्या गाडीतून धार लागली असती. बूच काढावंच लागलं नसतं. म्हणजे चीर नंतर पाडली, याच शेडमध्ये. आणि किल्ली एकट्या तुमच्याकडे."

"मग बुडाली कशी?"

"पाणी वरून शिरलं. तरंगण्याची चाचणी झाल्यावर तुम्ही दोन टनांचे जाड पत्रे चढवलेत. गाडी पाण्यात खाली बसली आणि वरच्या हवेच्या जाळीतून पाणी आत गेलं. पुन्हा चाचणी घेतली असती तर तारीख हुकली असती. म्हणून तुम्ही जोडावर ग्राइंडर चालवून चीर पाडलीत आणि नाव हिचं पुढे केलंत."

कुलथे उसळले. "सहा वर्षं ऐकतोय मी! पत्रे जाड करा, गाडी हलकी करा, लवकर द्या! एवढ्या वजनाने काही होत नाही."

"ठीक आहे. सोमवारी जवानांऐवजी तुम्ही बसा."

योगिनीने गाडीचं मागचं दार उघडून धरलं. "बसा ना साहेब. जोडांची गॅरंटी मी देते."

कुलथे दोन पावलं मागे सरले.

"नको," ते पुटपुटले. "तीही बुडेल."