रुखमाबाईचं जांभूळ

ऐकून हसायचं असेल तर हसा. पण सुवर्णाताई खोटं बोलणारी बाई नाही.

मागच्या चैत्रात, दिवस मावळताना, धामणगाव बढेबाहेरच्या नदीकाठी घडलेलं आहे हे.

ताई खामगावहून वडिलांना न्यायला आली होती. आई, रुखमाबाई, गेल्यापासून पंजाबराव एकटेच. चूल एकवेळची, बोलणं झाडांशी.

पावसाळ्यात अख्ख्या गावानं हौसेनं काठावर झाडं लावली होती. रुखमाबाईची राख खड्ड्यात घालून पंजाबरावांनी तिच्यावर जांभूळ लावलं. प्रत्येक रोपाशेजारी बुडाला छिद्र पाडलेलं मडकं पुरलं, पाणी मुळांपाशी हळूहळू झिरपावं म्हणून.

मग पाऊस गेला. माणसंही गेली.

नदीत पाणी नाही, काठावर माणूस नाही. उरले पंजाबराव आणि त्यांची पाण्याची कॅन.

"बाबा, चाला ना आता माह्यासंगं. झाडाले पाणी शेजारचे दयारामकाका घालतीन."

"मी तापानं पडलो तवा घालून पाह्यलं त्यानं. ती पीतच नाही वं."

"कोण?"

पंजाबरावांनी जांभळाच्या मडक्यावरचं झाकण उचललं.

बाकीची मडकी कोरडी ठणठणीत होती. हे मात्र... काठोकाठ भरलेलं.

"कालचं पाणी हाय."

"छिद्र बुजलं असंन, बाबा!"

"मडकं बदलून पाह्यलं. अन् तुही माय जेवली काय कधी माह्या पयले? थांब. कालपासून घोट घेतला नाही मी. आता पाह्य."

त्यांनी कॅनमधून ओंजळीत पाणी घेतलं. प्यायले.

वारा थांबला... टिटवी गप्प झाली...

गुटूक.

आवाज बाबांच्या गळ्यातून आला नव्हता.

गुटूक... गुटूक...

मडक्यातलं पाणी घोटाघोटानं उतरत होतं. तळाशी नुसतं ओलं खापर राहिलं.

ताई दोन पावलं मागं सरकली. बाबा मात्र हसत होते. किती दिवसांनी!

"मी इथून गेलो, त ही तहानेनं मरंन."

"बाबा... माय मेली हाय."

ते बुंध्याजवळची माती थोपटत राहिले, लेकराची पाठ थोपटावी तशी.

शेवटची एसटी ताईनं एकटीनंच धरली.

मोताळ्याच्या पुढं तहान लागली. बाटली तोंडाला लावली... घोट खाली उतरेना. जीव बाबांपाशी अडकलेला. तिनं फोन लावला.

"बाबा, पाणी पेले काय?"

पलीकडे कोणीच नाही. नुसता थेंब झिरपल्याचा आवाज... मग अजून एक...

मग एक बाई बोलली. अगदी कानाशी. ओळखीच्या आवाजात.

"पेले ते. आता तू पी, बाई."

पंजाबराव अजून तिथंच आहेत. जांभूळ हिरवंगार आहे.

त्या संध्याकाळी फोन कोणी उचलला, हे ताईनं त्यांना आजवर विचारलेलं नाही. 'चाला' असंही आता ती म्हणत नाही. रोज फोन मात्र करते.

"बाबा, पाणी पेले काय?" एवढंच विचारते.

आणि उत्तर यायच्या आत... फोन ठेवून देते.