डिझेल फिल्टर आणि जनावरांचा डॉक्टर

तो फाटकातून आत आला तेव्हा मी गाडीच्या बॉनेटमध्ये जवळजवळ अर्धी शिरले होते. अंगात पप्पांचा जुना खाकी शर्ट, केसांना फेशियलचा गुलाबी पट्टा आणि गालावर डिझेल. खरं तर दुसऱ्यांच्या पोरींना नटवणं हे माझं काम. नेवाशात माझं छोटंसं पार्लर आहे आणि लग्नसराईत गावोगाव जाऊन मी नवऱ्या सजवते. त्या रविवारी मात्र स्वतःच्या अवताराकडे बघायला मला फुरसत नव्हती.

"बन्सी साळव्यांचं घर हेच का?"

"हेच," मी मान वर न करता म्हणाले. "पण पप्पा विहारात गेलेत, मीटिंग आहे. काय काम होतं?"

"मी डॉक्टर सम्राट ओहोळ. इथल्या जनावरांच्या दवाखान्यात आहे. ती... गाडी बघायला आलो होतो. खरं तर संध्याकाळी बोलावलं होतं, पण मी जरा लवकर..."

मी ताडकन उभी राहिले आणि डोकं बॉनेटला आपटलं.

"अरे! लागलं का? बघू—"

"काही बघू नका. मी म्हैस नाही."

तो हसला. आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चांगला दिसत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. कारण हा माणूस माझी गाडी न्यायला आला होता.

पप्पा आयुष्यभर एसटीत कंडक्टर. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने ही जुनी डिझेल गाडी घेतली आणि स्टेअरिंगला हात लावायची त्यांची कधी हिंमत झाली नाही. शिकले मी. तेव्हापासून शेवगाव म्हणू नका, राहुरी म्हणू नका, मेकअपच्या पेट्या मागे टाकून मी कुठेही एकटी जायचे. पण मागच्या आठवड्यात कुकाण्याच्या लग्नाला जाताना ती भर रस्त्यात बंद पडली. नवरी खोळंबली होती, म्हणून मी पेटी मांडीवर घेऊन उसाच्या ट्रॅक्टरवर बसून गेले. मला त्यात गंमतच वाटली. पप्पांची मात्र झोप उडाली. एकटी पोर रस्त्यात अडकली या विचाराने त्यांनी गाडी टोचन करून घरी आणली आणि 'बंद गाडी, आहे तशी विकणे' असं सगळीकडे सांगून टाकलं. मी भांडभांड भांडले. शेवटी एवढंच पदरात पडलं, "गिऱ्हाईक यायच्या आत चालू करून दाव. मंग न्हाई इकत."

मेकॅनिक लग्नाला गावी गेलेला. फोनवर म्हणाला, डिझेल फिल्टर चोक झालंय, दुसरं टाका. फिल्टर मी आणलं. मोबाईलवर व्हिडिओ लावून बॉनेटवर टेकवून ठेवला. आणि गिऱ्हाईक हे असं माझ्या पुढ्यात उभं होतं, हसऱ्या डोळ्यांचं.

"गाडी अगदी भंगार आहे हं," मी हात पुसत म्हणाले. "काचा खाली जात नाहीत."

"बरं."

"गेल्या तर वर येत नाहीत. ब्रेक कसेतरीच लागतात. आणि आत उंदीर आहेत."

"उंदीर मला चालतात. डॉक्टरच आहे मी." त्याने बॉनेटवर हलकेच थोपटलं, गोठ्यात शिरल्यावर गाईला थोपटावं तसं. "पण एवढी वाईट गाडी तुम्ही भर उन्हात का दुरुस्त करताय?"

 मग मी सरळ खरं ते सांगून टाकलं. ट्रॅक्टर, नवरी, पप्पांची अट, सगळं. बोलता बोलता आवाज थोडा कापला, तो मी खोकल्यावर ढकलला. शेवग्याची पांढरी फुलं वरून टपटप इंजिनावर पडत होती. तो ती एकेक करून वेचून बाजूला टाकत ऐकत राहिला.

"म्हणजे," तो म्हणाला, "काका येईपर्यंत मी अजून आलेलोच नाही. बरोबर?"

"तुम्हाला गाडी नकोय?"

"हवीये की. फटफटी सारखी गॅरेजात. रानातल्या वस्तीवर गाय अडली की मी पोचेपर्यंत वासरू चालायला लागतं." त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. "पण आधी हे बघू. परात कशाला मांडलीये?"

"जुन्या फिल्टरमधलं डिझेल सांडतं, ते धरायला."

"आईंना माहितीये?"

"तुम्ही फिल्टर धरा."

जुनं फिल्टर हलता हलेना. डिझेलने ते इतकं बुळबुळीत झालं होतं की त्याचा हात सटके, माझा सटके आणि दोघांचे हात एकमेकांवर आपटत. दरवेळी तो "सॉरी" म्हणायचा आणि दरवेळी हात काढायला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लावायचा... की मीच लावत होते, कोण जाणे. शेवटी मी घरात पळाले आणि पार्लरच्या पेटीतून वॅक्सिंगची पट्टी आणि वॅक्स घेऊन आले.

"हे काय आता?"

"पाय वॅक्स करायची पट्टी. चिकटते घट्ट. दाखवू का तुमच्या हातावर?"

"नको! गाडीवरच दाखवा."

फिल्टर पुसून त्याभोवती पट्टी चिकटवून आम्ही दोघांनी मिळून पिळा दिला. कर्र आवाज झाला आणि फिल्टर सुटलं. काळंकुट्ट डिझेल आणि त्यासोबत पाणी भळाभळा परातीत आलं. निम्मं त्याच्या शर्टावर उडालं. पांढरा शर्ट होता, इस्त्रीचा. मी तोंडावर हात ठेवला.

"असू दे," तो म्हणाला. "माझ्या अंगावर काय काय उडतं ते सांगितलं तर तुम्ही जेवणार नाही."

नवीन फिल्टर बसवायचं काम मी कुणाला देणार नव्हते. चेहऱ्याला काहीही लावण्याआधी तो स्वच्छ करायचा, ही माझी सवय. त्यामुळे मी फिल्टरची रबरी रिंग कापसाने पुसली, पुन्हा पुसली, अगदी कोरडी लख्ख केली आणि फिल्टर हाताने घट्ट आवळलं. मग चावी फिरवली. इंजिन नुसतंच घुरघुरलं. परत सेल मारला. पुन्हा तेच. आणखी एकदा. बॅटरीचा आवाज बारीक व्हायला लागला तसं माझंही अवसान गळालं.

मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं. गाडी गेली की सगळं गेलं होतं. मग कुणीतरी नेईल तिथे, कुणीतरी आणेल तेव्हा. काचेपाशी तो उभा आहे हे ठाऊक असूनही मला रडू आवरेना.

"यशोधरा..." माझं नाव मी त्याला सांगितलंच नव्हतं. भिंतीवरच्या पार्लरच्या पाटीवरून वाचलं असणार. "एक विचारू? गाईला सलाईन लावताना मी सगळ्यात आधी काय करतो?"

"मला काय माहीत?" मी नाक पुसत म्हणाले.

"नळीतली हवा काढतो. हवा राहिली तर सगळं अडतं. इथं पण तसंच नसेल का? फिल्टर रिकामं बसवलं, त्यात हवाच असणार. आणि ती रिंग तुम्ही एवढी कोरडी का केलीत?"

"स्वच्छ नको?"

"कोरडं रबर आवळताना मुडपतं, मग तिथूनही हवा खेचतं. आम्ही हातमोजा घातला तरी आधी तेल लावतो, मगच..." तो एकदम थांबला. त्याचे कान लाल झाले. "जाऊ दे. पुढचं नको."

मला इतकं हसू आलं की रडणं कुठल्या कुठे गेलं. दोघांनी मिळून व्हिडिओ मागे नेला. व्हिडिओतला माणूस स्पष्ट सांगत होता, रिंगला डिझेलचं बोट लावा, एअर काढा. मी घाईघाईत नेमकं तेवढंच पुढे ढकललं होतं. पुन्हा फिल्टर खोललं. या वेळी त्याने रिंग माझ्यापुढे धरली आणि मी लिपग्लॉस लावावा तसं डिझेलचं बोट तिच्यावर गोल फिरवलं. तो रिंगकडे बघत नव्हता.

"इकडे लक्ष द्या," मी म्हणाले.

"देतोय की."

फिल्टरच्या वर एक छोटा हातपंप असतो. मी तिथला स्क्रू सैल केला आणि तो अंगठ्याने पंप दाबत राहिला. आधी नुसता फुसफुस आवाज, मग डिझेलचा फेस, मग बुडबुडे. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून ते बुडबुडे बघत होतो. त्याच्या शर्टाला डिझेलचा वास येत होता, माझ्या हातांना वॅक्सच्या मधाचा. बुडबुडे कमी झाले... संपले. नितळ डिझेल वर आलं.

"आवळा स्क्रू," तो कुजबुजला, जणू मोठ्याने बोललं तर हवा परत शिरेल. "जा, सेल मारा."

घर्रर्र... आणि गाडी चालू झाली! मी किंचाळले. आई पदराला हात पुसत बाहेर धावली, आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग परातीकडे. "अगं बया! माझी कणकेची परात!" आणि नेमके त्याच वेळी पप्पा फाटकात उभे.

"जय भीम, काका," तो डिझेलचे हात जोडत म्हणाला.

पप्पांनी धडधडणारं इंजिन ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. मग कोण आलंय ते ध्यानात आलं आणि उतरला. "यशे, आता लई पंचाईत झाली. तुलाबी शब्द दिलाय, आन् डाक्टरांनाबी. गिऱ्हाईक तर आदीच आल्यालं. माझा शब्द कदी मागं गेला न्हाई." त्यांनी घसा खाकरला. "डाक्टर, तुमीच सांगा. तुमी म्हनाल तसं."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला भीती वाटत होती. त्याला गाडीची खरंच गरज होती, हे मी ऐकलं होतं. आणि नेली असती तरी त्याला दोष देता आला नसता.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही मला बंद गाडी विकणार होतात."

"व्हय."

"मग बंद गाडी दाखवा की. इथं तर कुठं दिसत नाही."

पप्पा असे खदखदून हसले की शेजारचे लोक कट्ट्यावर आले. आई म्हणाली, "चहा टाकते," आणि परत वळून, "शर्टाला साबन देऊ का, डाक्टर?"  मला खूप आनंद झाला होता, आणि तो सगळा काही गाडीचा नव्हता.

चहा पिता पिता पप्पांनी त्याचं जामखेडचं घर, तिथले आईवडील, सगळं विचारून घेतलं. त्याची फटफटी गॅरेजातच होती, म्हणून मी म्हणाले, "मी सोडते." पप्पा लगेच मागच्या सीटवर जाऊन बसले, गाडी तपासायच्या निमित्ताने. प्रवरेच्या पुलावर गार वारा लागला. उन्हं कलली होती, पुढे उसाच्या ट्रॉल्या रमतगमत चालल्या होत्या. 

"पुढच्या रविवारी येऊ का?" तो खिडकीकडे बघत म्हणाला.

"कशाला? गाडी विकायची नाही."

"फिल्टर नीट बसलंय का, ते बघायला."

"मी बसवलंय. नीटच बसलंय."

"मग एअर..."

"डॉक्टर," मी म्हणाले, "गाईशी पण असंच आडून आडून बोलता का?"

 मला वाटलं, जास्तच बोलले मी. मग त्याने मान वळवली.

"नाही. त्यांच्याशी सरळ बोलतो. भीती वाटत नाही ना त्यांची..." त्याने मोठा श्वास घेतला. "यशोधरा, मला तुम्हाला भेटायला यायचंय. गाडी चालू असो नाहीतर बंद. तुम्ही हो म्हणालात, तर जन्मभर येत राहीन."

रोज नवरीमुलींना सांगते मी, लाजू नकोस, हसरा चेहरा ठेव, वर बघ. माझ्यावर वेळ आली तेव्हा यातलं एकही जमेना.  पण मनात आलेलं गिळून टाकायचा माझा स्वभाव नाही.

"हो," मी म्हणाले. "तुम्ही मला आवडलात. आज दुपारपासूनच. आणि खूप."

मागून खोकल्याचा आवाज आला. आम्ही दोघंही पप्पांना साफ विसरलो होतो!

"डाक्टर," पप्पा शांतपणे म्हणाले, "रविवारी एकलं नका येऊ. जामखेडावरनं आईवडलास्नीबी घिऊन या. जेवायलाच या. आन् यशे, म्होरं बघून चालीव, ट्राली हाय!"

मी करकचून ब्रेक दाबला. क्लच दाबायचा राहिला. गाडीने गचका खाल्ला आणि... बंद पडली. कुणी श्वास घेईना. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. मी डोळे मिटून चावी फिरवली आणि पहिल्याच सेलला गाडी चालू झाली. तिघांनीही एकदम सुस्कारा सोडला.

"रविवार फार लांब आहे," सम्राट अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला.

"मग उद्याच या," मी मोठ्याने म्हणाले, पप्पांनाही ऐकू जाईल असं, आणि ट्रॉलीला बगल देऊन गाडी पुढे काढली.