इस्लापूरहून आलेला नायट्रोजन

"ते काय धुमसून राहिलंय तिथं? खाली उतरवा आधी!"

लातूरच्या बसस्थानकावर नांदेडच्या गाडीचा कंडक्टर दारातच ओरडला, तेव्हा मी खिडकीपाशी बसून रडू आवरत होते. पौषातली बोचरी सकाळ होती. माझ्या पायाशी ॲल्युमिनियमचा एक गोल डबा होता... रिकामा. त्यात द्रव नायट्रोजन भरून न्यायला मी पहाटेच नांदेडहून आले होते आणि गॅसवाल्याने "टँकर आला न्हाई, पुढल्या आठवड्यात बघू," म्हणून मला वाटेला लावलं होतं.

दारात एक उंच तरुण उभा होता. त्याच्या हातात अगदी माझ्यासारखाच डबा. फक्त त्याच्या झाकणाखालून पांढरी वाफ ओघळत होती, पायऱ्यांवरून अलगद खाली उतरत होती.

"धूर नाही हो तो," तो समजावत होता. "मी जनावरांचा डॉक्टर. ह्यात देवणी बैलांचं वीर्य आहे. ते गार राहावं म्हणून—"

"बैलांचं काय?" मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं आणि अख्खी गाडी हसली. त्याचे कान लालेलाल झाले.

मी उठून उभी राहिले. "काका, येऊ द्या त्यांना. नायट्रोजन आहे तो. आपण श्वासात घेतो त्याच हवेतला. फक्त लई गार."

"तुम्ही कोण?"

"मी... फिजिक्सची."

एवढ्यावर कंडक्टरचं समाधान कसं झालं, कोण जाणे. त्याने माझ्या डब्याकडे पाहिलं. "तुमच्यापाशीबी त्येच?"

"माझा रिकामा आहे," मी म्हणाले, आणि माझा आवाज उगीचच ओला झाला.

तो तरुण माझ्या शेजारी येऊन बसला. दोन्ही डबे पायांपाशी एकमेकांना खेटून राहिले. गाडी सुटली. बरंच अंतर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "रडत होता का?"

"नाही. थंडीनं पाणी आलं."

"एकाच डोळ्यातून?"

मी हसले. झालं, तिथंच सगळं सुरू झालं असावं.

त्याचं नाव आनंदराज. गाव देवणी, नोकरी इस्लापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात. देवणीची उत्तम वंशावळ तो डब्यात घालून तिकडच्या गाईंसाठी घेऊन चालला होता. मी मंजुश्री, शिरूर अनंतपाळची. नांदेडच्या विद्यापीठात लेझरवर पीएचडी करत होते.

"लेझर म्हणजे तो लाल ठिपका?"

"माझा दिसतच नाही. मध्य-अवरक्त म्हणतात त्याला. साधा लेझर मी एका क्रिस्टलमध्ये सोडते. आत त्याच्या एका कणाचे दोन कण होतात. त्यातला एक मला पाहिजे असतो."

"म्हणजे जुळं होतं, अन् तुम्ही एकच वासरू ठेवून घेता."

"...हो. तसंच काहीसं."

"दिसत नाही, मग आहे हे कळतं कसं?"

"त्यासाठी डिटेक्टर आहे. अन् तो डिटेक्टर द्रव नायट्रोजनशिवाय आंधळा." मी रिकाम्या डब्यावर टिचकी मारली. "एखाद्या बायोगॅसच्या टाकीतून मिथेन गळत असेल, तर अर्ध्या किलोमीटरवरून ओळखता येईल माझ्या किरणानं. पण त्याला ताकद लागते. अन् मी ताकद वाढवली की माझा किरण डळमळतो."

"गाईसुद्धा मिथेन सोडतात," तो गंभीरपणे म्हणाला.

"मग तुमच्या गाईंवरच रोखते."

"रोखा की. आधी ओळख तर करून घ्या त्यांच्याशी."

अहमदपूरला चहा झाला. नांदेड येईस्तोवर ठरलं, की किनवटची गाडी दुपारी आहे, तोवर त्याने विद्यापीठात यावं आणि त्याच्या डब्यातला थोडा नायट्रोजन मला द्यावा. "बैल नाराज नाही व्हायचे," तो म्हणाला.

प्रयोगशाळेत माझी मैत्रीण रुखसार होती. आम्ही दोघी एकाच सरांकडे काम करायचो. तिने त्याला सुरक्षेचा चष्मा दिला आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. त्याने डबा तिरपा केला. डिटेक्टरच्या पोटात नायट्रोजन तडतडत उतरला, वाफेने त्याचे हात मनगटांपर्यंत झाकून गेले. किती सावकाश, किती हळुवार ओतत होता तो... वासराला बाटलीने दूध पाजावं तसा.

मी लेझर चालू केला. त्याने इकडंतिकडं पाहिलं. "कुठाय?"

"तुमचं बसचं तिकीट द्या."

यंत्रातून छापून निघालेलं, ऊब लागली की काळं पडणाऱ्या कागदाचं ते तिकीट मी चिमट्यात धरून किरणाच्या वाटेत नेलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिकिटाच्या कोऱ्या कडेवर एक बारीक काळा ठिपका उमटला.

त्याने चष्म्याआडून आधी तिकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिकीट खिशात ठेवून दिलं.

"ते कशाला?" मी विचारलं.

"प्रवास झालाय त्याच्यावर," तो म्हणाला.

त्यानंतर तो येत राहिला. देवणीहून इस्लापूरला जाताना वाटेत नांदेड पडतंच, असं तो म्हणायचा. पण सुटीच्या दिवशीही नांदेड वाटेत पडू लागलं, तेव्हा रुखसार मला चिमटे काढायला लागली. "आला बघ तुझा नायट्रोजनवाला. खरं सांग मंजू, तुला नायट्रोजन पाहिजे का तो?"

"गप गं," मी म्हणायचे. आणि आरशासमोर उगीच थांबायचे.

चैत्रात माझा एक क्रिस्टल तडकला. मी ताकद वाढवत होते आणि आतून बांगडी पिचल्यासारखा आवाज आला... टिच. आता उरला एकच. सर म्हणाले, "मंजुश्री, कमी ताकदीचे निकाल चांगले आहेत. तेवढ्यावर प्रबंध लिहून टाक. हाही फुटला तर हातात काही राहणार नाही."

त्या संध्याकाळी मी आनंदराजला फोन केला. पलीकडे गाई हंबरत होत्या.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला लेझरमधलं काय कळतंय? पण तुम्ही मला विचारून राहिलात, म्हणजे सरांचं ऐकायचं नाही तुम्हाला."

मी नाही ऐकलं. उन्हाळाभर त्या एका क्रिस्टलपाशी बसून राहिले. तो छोट्या भट्टीत ठेवलेला असतो. ठराविक तापमानालाच कणाचे दोन कण नीट होतात. ताकद वाढली की क्रिस्टल आतून स्वतःच तापतो आणि सगळं गणित चुकतं. हे कळत होतं, पण उपाय सापडत नव्हता. ज्येष्ठात एकदाचा सापडला. मी इतकी हरखले, की पहिला फोन सरांना नाही, आनंदराजला केला.

"भट्टी आधीच थोडी गार ठेवायची! अन् किरण जरा पसरून सोडायचा. मग उरलेली ऊब क्रिस्टल स्वतःच भरून काढील. भात थोडा कच्चा असतानाच उतरवतो अन् वाफेवर मुरू देतो ना... तसं!"

"म्हणजे लेझर मुरतोय," तो म्हणाला. "मी जेवायला येऊ?"

मी खळखळून हसले. आणि त्याच आनंदात, काही विचार न करता बोलून गेले, "अन् हो, चांगली बातमी! पावसाळ्यापासून विभागाला नायट्रोजन थेट येणार आहे. आता तुम्हाला हेलपाटे नाहीत."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं झालं," तो म्हणाला. "...बरंच झालं की."

त्यानंतर नांदेड त्याच्या वाटेत पडेनासं झालं. फोन केला तर बोलायचा, पण थोडकं. "कामात होतो." "हाव, बरं आहे सगळं." मी रात्रंदिवस भट्टीचे आकडे बघायचे आणि मनात एकच वाक्य उलटंसुलटं करत राहायचे. मी तसं का म्हणाले? आणि आपलं इथलं काम संपलं, असं त्याला का वाटलं? आणि मला कुणी सांगितलं होतं, की तो फक्त नायट्रोजन द्यायलाच येतो...

भाद्रपदात पूर्ण ताकदीच्या चाचणीचा दिवस ठरला. बाहेरून परीक्षक येणार होते. आदल्या दिवशी दुपारी कळलं, की टँकर वाटेतच बंद पडलाय.

रुखसारने माझा फोन माझ्या हातात ठेवला. "लाव."

"कुठल्या तोंडानं लावू?"

"ह्याच. चांगलं आहे."

मी लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागे पाऊस कोसळत होता, माणसांची गडबड चालली होती. "मंजुश्री, इथं एक गाय अडलीये. वासरू आडवं आहे. मला सोडून येता येणार नाही..."

"नका येऊ," मी घाईने म्हणाले. "खरंच नका येऊ. गाईला बघा." आणि फोन ठेवला.

सकाळी किनवटच्या गाडीचा कंडक्टर विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. कडेवर लेकरू घ्यावं तसा डबा त्याने छातीशी धरला होता.

"मंजुश्री मॅडम कोण? इस्लापूरच्या डाक्टरांनी धाडलंय. ह्याचं पूर्ण तिकीट काढलं त्यांनी, खिडकीची सीट दिली. म्हणले, हिसका बसू देऊ नका. मी हातातच धरून आणलंय, बाई."

झाकणाखालून पांढरी वाफ ओघळत होती. मला पुढचं काही नीट दिसेना.

चाचणी झाली. मी भट्टी थोडी गार ठेवली आणि ताकद हळूहळू चढवत नेली. ज्या आकड्याला पहिला क्रिस्टल फुटला होता, तो आला... आणि मागे पडला. रुखसारने माझा दंड घट्ट पकडला होता. पडद्यावरची रेघ थरथरली, सावरली, आणि सरळ झाली. सरळच राहिली. पूर्ण ताकद. परीक्षक पुढे वाकून बघत होते, सर चष्मा पुसत होते, आणि मला फक्त एकाच माणसाला सांगायचं होतं. त्याचा फोन लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीने मी इस्लापूरला निघाले.

भोकर, हिमायतनगर... रिमझिम चालू होती. दोन्ही बाजूंनी हिरवीगार रानं, मध्येच सागाची पानं पावसात टपटपायची. उतरल्यावर विचारत विचारत गेले. डॉक्टर गावाबाहेर धुरपताबाईंच्या गोठ्यावर आहेत, असं कळलं.

गोठ्याच्या दारात तो उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली, शर्टावर चिखल. समोर एक पांढरं-काळं वासरू चारी पाय चार दिशांना टाकून उभं राहायची धडपड करत होतं.

"जगलं?" मी विचारलं.

तो दचकून उभा राहिला. "...जगलं. आज दुसऱ्या दिवशी उठून राहिलंय. तुमचं?"

"तेही."

त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते मी कधी विसरणार नाही. मग ते हळूच मावळलं. "डबा न्यायला मी आलोच असतो. तुम्ही कशाला एवढ्या पावसात..."

"डबा आणलाच नाही मी. अन् तुमच्या बैलांचं काय केलं?"

"किनवटचा मित्र रात्रीच येऊन आपल्या डब्यात घेऊन गेला. पाहुणचार घेऊन राहिलेत."

मी ओढणीचं टोक पिळत राहिले. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं पावसात वाहून गेलं होतं.

"आनंदराज, टँकर दुरुस्त झालाय. आमच्याकडं आता भरपूर नायट्रोजन आहे. इतका, की... मला तुमच्याकडून काही म्हणजे काही नकोय."

"हे सांगायला आलात?"

"हो." मी मान वर केली. "म्हणजे आता तरी तुम्हाला कळेल, की मी कशासाठी आले."

त्याने पाहिलं... पाहतच राहिला. पागोळ्यांचं पाणी त्याच्या खांद्यावर पडत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

"पुन्हा एकदा म्हणा," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "मी दोन रात्री जागा आहे. चुकीचं ऐकलं असंल."

"तू पाहिजेस मला," मी म्हणाले. "झालं? आता ऐकू आलं?"

तो हसला. हात पुढे केला, मग त्यावरचा चिखल बघून मागे घ्यायला लागला. मी तो हात तसाच धरला. उबदार होता... खूप.

"किती वर्षं इस्लापूरला राहीन, माहीत नाही," तो म्हणाला. "बदली होईल. तुझं काम नांदेडला. आईबाबांना सांगावं लागेल, तुझ्याही, माझ्याही..."

"सांगू. शिरूर अनंतपाळहून देवणी फार लांब नाही."

तेवढ्यात धुरपताबाई पदर सावरत गोठ्यात आल्या. त्यांच्या हातात गरम खरवसाची ताटली होती. त्या थबकल्या. आधी आमच्या हातांकडे, मग माझ्या भिजलेल्या चपलांकडे पाहिलं.

"डाक्टर, ह्या कोण म्हनायच्या?"

आनंदराजने माझ्याकडे पाहिलं. कान पुन्हा लालेलाल.

"मी त्यांच्या घरची, मावशी," मी म्हणाले. "अजून व्हायचीये. पण होणार."

धुरपताबाईंनी मान डोलवली, आणि दुसरी ताटली आणायला त्या आत वळल्या.