झऱ्याच्या पेटीची किल्ली

“पुन्हा सभा?” निल्दाने रिकामी बादली अंगणात आपटली. “आजीचं पोट चार दिवस बिघडलंय आणि ही मोठी माणसं नुसत्या सभा भरवतायत!”

“सोमवारची सभा रविवारच्या सभेविषयी होती,” तिचा मावसभाऊ विल्बेर म्हणाला. “आजची सोमवारच्या सभेविषयी असेल!”

कार्निव्हलचा उत्सव सरून जेमतेम आठवडा लोटला होता. शाळा उघडण्यास अद्याप पंधरा दिवसांचा अवधी होता. आकाश प्रतिदिनी मुक्तहस्ताने वर्षत होते आणि नदी तांबडी, गढूळ होऊन वाहत होती. तथापि पेरू देशातील डोंगराळ कोरीपाता गावातील नूतन नळांतून पाण्याचा एक थेंबही गळत नव्हता!

हे नळ लिमाच्या एका संस्थेने दिलेल्या छोट्या अनुदानातून आले होते. चर मात्र गावकऱ्यांनी स्वतःच्या घामाने खणले होते. येत्या शनिवारी संस्थेच्या बाई पाहणीस येणार होत्या. त्यांना नळाला पाणी दिसले, तरच उर्वरित अनुदान मिळून नळ खालच्या आळीपर्यंत पोहोचणार होता. निल्दाचे घर त्याच आळीत, अगदी शेवटचे होते. तिची आजी नदीचे पाणी उकळून पीत असे. परंतु चिखल उकळून थोडाच जातो?

सभेत पाणी समितीचे अध्यक्ष सातुर्निनोकाका गर्जत होते, “वरच्या वाडीचे लोक आपलं पाणी चोरतात!” झऱ्याचे पाणी साठवणाऱ्या पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात पदकासारखी झुलत होती.

“चोरतात तर ठेवतात कुठं?” निल्दा कुजबुजली. “चल, बघूनच येऊ!”

“मी पण!” विल्बेरची आठ वर्षांची बहीण लुसमिला ओरडली.

“तू नको, रडशील,” विल्बेर म्हणाला.

“मी नाही रडत! मागच्या वेळी तूच रडलास!”

तिघेही नळाच्या मार्गाने डोंगर चढू लागले. त्यांनी प्रत्येक सांधा हाताने चाचपून पाहिला. कोठेही गळती नव्हती, कोठेही चोरनळी नव्हती. माथ्यावर सिमेंटची पेटी होती, तिला भक्कम कुलूप होते, आणि तिच्या काठावरून पाणी धो धो ओसंडत होते!

“पाणी तर इथंच आहे!” विल्बेर उद्गारला. “मग खाली का येत नाही?”

लुसमिलेने झाकणाच्या फटीला नाक लावले. “ताई, आत फुलं कुजलीत. शी!”

निल्दाने कपाळावर हात मारून घेतला. कार्निव्हलच्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने पेटी उघडून झऱ्याला कार्नेशनची फुले आणि रंगीत कागदी पट्ट्या वाहिल्या होत्या. पूर्वी उघडा पाट होता; वाहिलेली फुले सुखाने शेतापर्यंत तरंगत जात. आता मात्र पेटीतून निघणाऱ्या नळाच्या मुखाशी बारीक जाळी होती!

ती धावतच खाली आली. “काका, चोर नाहीये! जाळी तुंबलीय, फुलांनी! किल्ली द्या ना!”

“झऱ्याला फुलं वाहिली तर बिघडलं कुठं? शाळेत हेच शिकवतात का गं?” सातुर्निनोकाका म्हणाले. “काय ते शुक्रवारच्या सभेत मांड.”

शुक्रवारी निल्दाने चार वेळा हात वर केला. चारही वेळा तिला एकच उत्तर मिळाले, “मुलांनी मोठ्यांत बोलू नये!”

ती तणतणत बाहेर आली. डोळ्यांत संतापाचे अश्रू दाटले होते. चौकात अनुदानाचा भव्य फलक उभा होता, नळापेक्षाही उंच! रागाने तो वाचता वाचता ती एकाएकी थबकली. समितीच्या नावांत तळाशी लिहिले होते : युवा सदस्य, निल्दा याउरी.

“विल्बेर! अरे, मी समितीत आहे!”

“कधीपासून?”

“मलाच ठाऊक नाही!”

ती पुन्हा सभेत शिरली आणि या वेळी तिने हात वर केलाच नाही. “मी समितीची सदस्य आहे. मला किल्ली हवी!”

“अगं वेडे, ते नुसतं अर्जापुरतं लिहिलं होतं!” काका हसले. “त्यांना एक तरुण नाव हवं होतं ना.”

“बरं. मग उद्या बाईंना असंच सांगू?”

काकांचा हात हळूहळू गळ्यातील किल्लीकडे गेला.

सारा गाव डोंगर चढला. निल्दाने खांद्यापर्यंत हात बर्फगार पाण्यात घातला आणि फुलांचा व कागदांचा भिजल्या घोंगडीएवढा लगदा ओढून काढला! त्यातील सर्वांत मोठ्या गुच्छाला रेशमी फीत होती. लुसमिलेने तिच्यावरील अक्षरे मोठ्याने वाचली, “सातुर्निनो आणि परिवार!”

“सापडला चोर!” विल्बेर म्हणाला. त्या सायंकाळी काका बटाट्यांचे पोते पाठीवर घेऊन, वरच्या वाडीची क्षमा मागण्यास एकटेच निघाले.

शनिवारी बाईंनी तोटी फिरवली. नळ खोकला, गुरगुरला आणि खळाळून वाहू लागला!

“जूनपर्यंत खालच्या आळीतही नळ येईल,” बाई प्रसन्नपणे म्हणाल्या.

“निल्दा म्हणजे आमच्या गावाचा अभिमान!” काकांनी भाषण आरंभिले. “आम्ही तरुणांचं नेहमीच ऐकतो!”

विल्बेरला जोराचा ठसका लागला. सर्व वडीलधाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जाळी दरमहा साफ करण्याचे काम एकमताने निल्दाकडे सोपवले. भाषण मात्र संपेना. तिने मुकाट्याने बादली भरली आणि घरची वाट धरली.

आजीने घोटभर पाणी पिऊन डोळे मिटले. “स्वच्छ आहे गं. शहाणी माझी पोर! किती सभा लागल्या?”

“चार!” निल्दा धुसफुसत म्हणाली.

“चारच?” आजीने पेला पुढे केला. “मी तरुण असताना याच पाण्यासाठी पहिली सभा भरली होती. ओत अजून!”