शेवटची ओळ बोलायची

शॅनन नदी समुद्राला मिळते तिथे, आमच्या धक्क्यावर, कोल्मन हेहिरची होड्या दुरुस्त करायची पडवी आहे. ऑक्टोबरातल्या एका दुपारी, ओहोटी लागलेली असताना, तिथे आम्ही तिघं होतो: कोल्मन, त्याची मुलगी ऊना आणि मी, इथल्या शाळेचा निवृत्त मास्तर. माझ्या आठवणीवर माझाच फारसा भरवसा नाही, पण पाहिलं तेवढंच सांगतो.

ऊना वाढली डब्लिनला, आईपाशी. आई गेल्यावर बापाकडे आली. दोघांना बोलायला काही सुचेना. कोल्मनच्या आईची गाण्यांची वही माझ्याकडे होती. म्हटलं, यातली गाणी बसवा. वर्षभरात सोळा गाणी बसली आणि त्या घरातून हसणं ऐकू येऊ लागलं.

राहिलं होतं बुडालेल्या नावेचं गाणं, ते त्या दुपारी घेतलं. सहा कडवी, सहा माणसं. प्रत्येक कडव्याच्या अखेरीस एकाचं नाव, आणि तो घरी आला नाही.

वहीत अगदी शेवटच्या ओळीपुढे आजीने लिहिलं होतं, ‘बोलायची’. आमच्याकडे बुडालेल्यांच्या गाण्याची शेवटची ओळ गात नाहीत, साध्या आवाजात बोलतात. तेव्हा कुठे गाणं संपतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून ऊनाला गाणं उतरवून देताना मी तो शब्द गाळला. ऊना इथली असूनही इथे वाढलेली नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

गाणाऱ्याचा हात धरून तो लयीत गोल फिरवायचा, हीही आमची रीत. कोल्मनने तिचा हात धरला.

“बाबा, उलटा फिरवताय.”

“डावखुरा आहे मी. तुझ्या आजीने जन्मभर चालवून घेतलं, तू कोण मोठी लागून गेलीस?”

ती गायली. सहावं कडवं आलं. शेवटची ओळही तिने गायली, छान लांबवून. कोल्मनने टाळ्या वाजवायला हात सोडला.

ऊना थांबली नाही.

“अगं, हे सातवं कुठून आणलंस?” तो हसत म्हणाला.

तिचे डोळे माझ्यावर होते, भेदरलेले. तिचा हात हवेत फिरतच होता. सुलटा. मनगटावरून पाणी ठिबकत होतं.

कडव्यात नाव आलं, ‘कोल्मन’. पुढे स्वर नुसताच ताणत राहिला. तिचे ओठ निळे पडले.

“मास्तर, काहीतरी करा!”

चारचौघांत गाण्यासाठी मी कधी तोंड उघडलेलं नाही. तेव्हा उघडलं.

“आणि कोल्मन घरी आला नाही,” मी बोललो.

हात खाली पडला. ऊनाने श्वास घेतला.

कोल्मनने तिला घट्ट धरलं, मग डोळे पुसत म्हणाला, “मलाच बुडवलंत की, मास्तर! या तुम्ही सावकाश. मी चहा टाकतो.”

घर दीडशे पावलांवर. वाट सरळ, उघडी. पाचेक मिनिटांनी आम्ही गेलो. दाराला बाहेरून कडी होती. आत किटली गार होती.

नऊ दिवस होड्या शोधत होत्या.

सातव्याची नव्हे, सहाव्या कडव्याची शेवटची ओळ बोलायला हवी होती मी. ती पाठ होती मला.

ऊना आता गात नाही. रविवारी माझ्याकडे येऊन शेकोटीपाशी बसते. काल बसल्या बसल्या तिचा हात खुर्चीवरून उचलला गेला आणि हळूहळू फिरू लागला.

उलटा.